ब्रुसेल्सचे बूलांजे आणि सह्याद्रीतला बेडूक

१/८
सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी एक बेडूक राहतो. त्याचे शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस ह्युमायुनी. या नावातील दोन शब्दांमध्ये ७३ वर्षांचे अंतर आहे, आणि पहिला शब्द एका स्थलांतरित संशोधकाने दिलेला आहे. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/८
जॉर्ज आल्बर्ट बूलांजे यांचा जन्म १८५८ मध्ये ब्रुसेल्स येथे झाला. पदवीनंतर ते तेथील निसर्गेतिहास संग्रहालयात रुजू झाले. १८७८ मध्ये बेर्निसारच्या कोळसाखाणीत इग्वानोडॉनचे सांगाडे सापडले होते. कटिभागातील मणक्यांची संख्या पाहून ही निराळी जात असल्याचे बूलांजे यांनी मांडले. ज्येष्ठ संशोधकांना ते पटले नाही; त्यांनी सुचवलेले नाव मात्र आजही टिकून आहे.

३/८
याच सुमारास त्यांना लंडनहून बोलावणे आले. बोलावणारे आल्बर्ट गुंथर हे ब्रिटिश म्युझियमच्या प्राणिविभागाचे प्रमुख होते आणि स्वतःही जर्मनीतून आलेले. एका स्थलांतरिताने दुसऱ्यासाठी दार उघडले. १८८२ मध्ये बूलांजे ब्रिटिश नागरिक झाले आणि त्याच वर्षी संग्रहालयात साहाय्यक म्हणून नेमले गेले.

४/८
काम कोणते? मद्यार्काच्या बरण्यांतील बेडूक, सरडे, साप आणि मासे तपासायचे. दात, बोटे, खवले मोजायचे. साम्यभेद ठरवून सूची लिहायची. सरड्यांची सूची ३ खंडांची (१८८५–८७), सापांचीही ३ खंडांची (१८९३–९६). त्यांनी वर्णिलेल्या नव्या जातींची संख्या २,००० हून अधिक आहे.

५/८
१८८२ च्या बेडकांच्या सूचीत त्यांनी ‘निक्टिबॅट्रॅकस’ ही नवी प्रजाती स्थापिली. ग्रीक शब्दांवरून अर्थ होतो ‘रातबेडूक’. हे बेडूक केवळ पश्चिम घाटातच आढळतात. भारतातील सरीसृप व उभयचरांवरील त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये आला आणि येथील अभ्यासकांचा आधार बनला.

६/८
येथे थोडे थांबायला हवे. हे ज्ञान साम्राज्याच्या वाटांनी लंडनला पोहोचले होते. बेडोम यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवर त्यांची नावे राहिली. ओढ्यात उतरून बेडूक पकडणाऱ्या स्थानिक हातांची नावे मात्र सहसा बरणीवरील चिठ्ठीपर्यंतही पोहोचली नाहीत. बूलांजे यांच्या परिश्रमांचा गौरव करताना ही रिकामी जागाही दिसायला हवी.

७/८
१९२० मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी प्राणिशास्त्र बाजूला ठेवले आणि युरोपातील गुलाबांचा अभ्यास आरंभिला. त्यावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. १९३७ मध्ये फ्रान्समधील सेंट-मालो येथे त्यांचे निधन झाले.

८/८
१९५५ मध्ये भादुरी आणि कृपलानी या भारतीय संशोधकांनी महाराष्ट्रातील एका रातबेडकाचे वर्णन केले आणि मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांचे नाव त्याला दिले. पहिला शब्द बरणीतले बेडूक पाहून लंडनमध्ये सुचलेला, दुसरा आपल्याच भूमीतला. पुढच्या पावसाळ्यात घाटात त्याचा आवाज ऐकलात, तर हे दोन्ही शब्द आठवा; आणि ज्यांचे नाव कुठेच नोंदले गेले नाही, त्यांनाही.