मानमोडी: एका तापाच्या नावांची कुळकथा

इन्फ्लुएंझा हा शब्द मूळचा इटालियन. अर्थ ‘प्रभाव’, तोही ग्रहताऱ्यांचा. गावेच्या गावे एका आठवड्यात खोकू लागली की कारण आकाशात शोधले जाई. १७४३ च्या इटलीतल्या साथीबरोबर शब्द इंग्रजीत गेला आणि पुढे काटछाट होऊन ‘फ्लू’ झाला. भारतीय ज्योतिर्गणिताने ज्या उज्जैनवरून रेखांश मोजले, तिथेही आज ग्रहांना कोणी बोल लावत नाही. ‘वायरल’ म्हटले की भागते.

मराठीने ताऱ्यांऐवजी रोग्याकडे पाहिले आणि नाव दिले ‘मानमोडी’. कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही हेच नाव आहे. त्यात पक्ष्याची मान खरोखरच मुरगळते. माणसांची मानमोडी १९१८ ची. त्या जूनमध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ताप आगगाडीने देशभर गेला आणि मुंबईचे नाव त्याला चिकटले. युरोपात तोच ‘स्पॅनिश’ ठरला. पहिल्या महायुद्धात तटस्थ असलेल्या स्पेनमध्ये बातम्यांवर सेन्सॉर नव्हता, एवढाच त्या देशाचा गुन्हा.

जूनची लाट सौम्य होती. सप्टेंबरची मारक ठरली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. विषाणूने फुफ्फुसाचे अस्तर सोलले की घशातलेच जिवाणू आत उतरून न्यूमोनिया करत, आणि पेनिसिलिनचा शोध अजून दहा वर्षे दूर होता. त्यात पाऊस हुकला, धान्य महागले. मुंबईच्या नोंदींत मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत हजारी ८, पारशांत ९, तर ‘खालच्या’ म्हणून नोंदलेल्या हिंदू जातींत ६१. ताप एकच होता. हवेशीर खोली, अंथरुणावर पडून राहण्याची सोय आणि पेज भरवणारे माणूस मात्र सर्वांच्या वाट्याला नव्हते. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या घरात जातात. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसली.

विशी ते चाळिशीतले धडधाकट लोक अधिक मेले, हे या साथीचे वैचित्र्य. कोणत्या वयोगटाच्या शरीराला पूर्वी कोणता फ्लू भेटला होता, यावर पुष्कळ ठरते.

माणसातला विषाणू १९३३ मध्ये वेगळा काढता आला आणि पुढे नावे अक्षर-आकड्यांची झाली: १९१८ चा एच१एन१, १९५७ चा एच२एन२, १९६८ चा एच३एन२. २००९ मध्ये एच१एन१ नव्या रूपात आला. पुण्यात ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू झाला आणि शहर रुमाल बांधून वावरू लागले. १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना त्याच घराण्याचा जुना विषाणू ओळखीचा असल्याने ज्येष्ठ त्या मानाने वाचले. लोकांनी या नव्या तापाला ‘स्वाइन फ्लू’च म्हटले. रोगांच्या नव्या नावांत गाव, माणूस किंवा प्राणी नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले.