१२ ऑक्टोबर १७०७ : खेडची लढाई

मराठ्यांच्या गादीसाठी महाराणी ताराबाई आणि शाहू महाराज यांच्या फौजा या दिवशी भीमेकाठी खेड येथे समोरासमोर आल्या. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या शाहूंनी अहमदनगरला तळ देऊन माणसे जमवली होती. ऐन वेळी ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव त्यांना मिळाले, आणि ताराबाईंची बाजू कोसळली.

पती राजाराम महाराज १७०० मध्ये वारले, तेव्हा ताराबाई जेमतेम पंचविशीच्या होत्या. पुढची सात वर्षे खुद्द औरंगजेबाशी झुंज चालवणाऱ्या या बाईची आठवण ‘भाऊबंदकी’ एवढ्यावर आटोपणे हा अन्याय आहे.

या यादवीची झळ वाड्याबाहेरही पोहोचली होती. खेडच्या आधी पारद गावी शाहूंच्या फौजेला विरोध झाला, त्यात लोखंडे पाटील पडले. त्यांच्या विधवेने तान्हे मूल शाहूंच्या पायावर घातले. शाहूंनी ते आपले मानून वाढवले. तेच अक्कलकोटच्या गादीचे फत्तेसिंह भोसले. त्या माउलीचे नाव मात्र फारसे कोणी सांगत नाही.

ताराबाईंनी कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. पण १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या गटाने त्यांना मुलासह कैदेत टाकले. शाहूंच्या मातोश्री येसूबाई तर या साऱ्या काळात मोगलांकडे ओलीसच होत्या. तीस वर्षांच्या कैदेनंतर, १७१९ मध्ये, त्या साताऱ्याला परतल्या.