घाटातलं पाणी : जुन्या ट्रकच्या रेडिएटरची गोष्ट

यंत्रांचा इतिहास म्हटला की आपण शोध लावणाऱ्यांची नावं घेतो आणि थांबतो. यंत्र रोज चालतं ठेवणाऱ्यांचाही एक इतिहास असतो. तो सहसा कुणी लिहून ठेवत नाही. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ : जुना टाटा-मर्सिडीज ट्रक, बोरघाट, आणि उकळणारं पाणी.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1945 साली स्थापन झालेली टेल्को सुरुवातीला रेल्वेची इंजिनं बनवायची. 1954 मध्ये तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. हा करार 1969 पर्यंत टिकला. म्हणून त्या काळातल्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा दिसतो. आपल्याकडे मुंबई-पुणे वाहतुकीत हे ट्रक धावायचे ते बोरघाटातून. हा गाडीरस्ता 1830 साली खुला झाला, म्हणजे मोटारीच्या कितीतरी आधी. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण 500 मीटरची चढण, वर पूर्ण भरलेली गाडी, आणि उन्हाळ्याची दुपार.

आता प्रश्न असा, की इंजिनाला पाणी लागतंच कशाला? डिझेल जळतं तेव्हा त्यातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेली उष्णता मुख्यतः पाण्याला वाहून न्यावी लागते. 1886 ची बेंझची पहिली मोटार हे काम पाणी चक्क उकळून करायची. वाफ उडून जायची आणि वाटेत पुन्हा पाणी भरायचं. खरा बदल केला विल्हेल्म मायबाखने. 1900-01 च्या मर्सिडीज गाडीसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या आणि अवघ्या 9 लिटर पाण्यात काम भागायचं. पाणी तेच राहतं, फिरत राहतं, आणि वारा त्यातली उष्णता काढून नेतो. आपल्या ट्रकचा रेडिएटर याच घराण्यातला.

मग घाटात पाणी उकळायचं का? पुष्कळ जण म्हणतात, उंचीमुळे. हिशेब करून बघा. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो. म्हणजे खंडाळ्यापर्यंत दोन अंशही नाहीत. याउलट रेडिएटरचं दाबाचं झाकण नीट बसत असेल, तर अर्ध्या बारच्या दाबाला पाणी 111 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर फाटलं की हे सगळे अंश गेले. झाकण ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि सर्वांत आधी तपासायची.

खरं कारण असतं ताळमेळ बिघडण्यात. पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर चालतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चढवलं, तर उष्णता भरपूर निर्माण होते, पण पंप नि पंखा मात्र हळू फिरतात. म्हणून जाणता ड्रायव्हर चढणीआधीच गिअर खाली टाकायचा. थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक त्याने बघितलेलं नसेल, पण धडा पक्का होता.

दुसरं कारण आपल्या दख्खनच्या पाण्यात आहे. विहिरीचं नि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. तापलं की त्यातले क्षार इंजिनाच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. चहाच्या भांड्याला बसतो तोच पांढरा थर. हा थर उष्णता अडवतो. म्हणजे गाडी गरम झाली म्हणून वाटेतल्या विहिरीचं पाणी ओतायचं, आणि त्या पाण्याने ती पुढच्या वेळी आणखी लवकर गरम व्हायची! यावर उपाय करायचा रेडिएटरवाला कारागीर. तो वरची टाकी झाळ सोडवून काढायचा, प्रत्येक नळीतून सळई फिरवायचा, आणि पुन्हा झाळ देऊन टाकी बसवायचा. पितळ-तांब्याचा रेडिएटर असा पुन्हा पुन्हा जगवता येतो. हल्लीचे प्लास्टिक टाकीचे ॲल्युमिनियम रेडिएटर बहुतेक वेळा बदलूनच टाकतात, म्हणून ही कारागिरीही आटत चालली आहे.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप साधारण 80 अंशांच्या आसपास उघडते. आपल्याकडे समजूत रूढ झाली, की ही थंड देशातली चीज, इथे काय उपयोग? काढा आणि फेका. पण बऱ्याच इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासचा मार्ग बंद करते. ती काढली की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून काढलेला भागच गाडी तापवतो. झडप तपासणं तर अगदी सोपं : भांड्यात पाणी तापवायचं, तीत ती दोरीने सोडायची, आणि उघडते का ते बघायचं.

आज जुने ट्रक हौसेने उभे करणारे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी ही जुनी निदानपद्धत थोडक्यात सांगतो. उभी असताना गाडी तापते, पण धावताना ठीक राहते? पंखा आणि पट्टा बघा. सपाटीवर वेगात तापते? रेडिएटर तुंबलाय, किंवा खालचा होजपाइप ओढीने आत चिपकतोय. बाहेर कुठे गळती नाही, तरी पाणी कमी होतं, वरच्या टाकीत बुडबुडे येतात? हेड गॅस्केट गेलंय. तिथे नवा रेडिएटर बसवून पैसे वाया घालवू नका.

आणि तापलेलं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटला की पाण्याचा क्षणात फवारा होतो. घाटात हे काम कुणाच्या वाट्याला यायचं? क्लीनरच्या. चाकाखाली दगड लावणारा, डबा घेऊन पाणी आणणारा, गोणपाट धरून झाकण फिरवणारा तो पोरगा. थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, मग चालू इंजिनात हळूहळू पाणी घालायचं, नाहीतर तापलेल्या हेडला थंड पाण्याने तडा जातो, हे तो बघत बघत शिकला. पण वेळेत पोचायची घाई असली की वाट बघायची सोय नसायची, आणि हात त्याचाच भाजायचा.

मायबाखच्या नळ्यांची संख्या आपल्याला ठाऊक आहे, कारण ती कुणीतरी नोंदवली. झाळकाम करणारे, ड्रायव्हर, क्लीनर यांचं ज्ञान मात्र बहुतांशी त्यांच्या हातांतच राहिलं. त्यांतले काही आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या गावात, तुमच्या घरात असे कुणी असतील तर त्यांना विचारा, आणि जे सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा. इतिहासाचं ते साधन आहे. आता प्रश्न असतील तर घेऊ.