हृदयाचा पडदा : इब्न नफीस ते मीरा रोड

दमास्कसजवळ जन्मलेला आणि पुढे कैरोत नावाजलेला हकीम इब्न नफीस. 1242 साली, वयाच्या अवघ्या 29व्या वर्षी, त्याने इब्न सिनाच्या ‘अल-कानून’मधील शरीररचनेवर भाष्य लिहिलं. त्याआधी हजार वर्षं गॅलनचं मत प्रमाण होतं : हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रं असतात, त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे जातं. इब्न नफीसने ते साफ नाकारलं. पडदा बंद आहे, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं, असं त्याने मांडलं. युरोपात हार्वेचा ग्रंथ 1628 मध्ये आला. इब्न नफीसचं हस्तलिखित मात्र 1924 मध्ये इजिप्तच्या मोहिउद्दीन तातावींनी बर्लिनमध्ये उजेडात आणलं.

हा इतिहास मला मीरा रोडला, नया नगरमध्ये नव्याने भेटला. आपाचं बाळ दूध पिताना घामाने भिजायचं, दोन घोट घेऊन दमायचं. वजन वाढेना, छाती सारखी भरायची. कुणी म्हणालं नजर लागली, ताविज आलं. कुणी आपालाच विचारलं, ‘ग्रहणात सुरी हातात धरली होतीस का?’ चार महिने असेच गेले. शेवटी इको झाला : पडद्याला छिद्र. गॅलनने सांगितलं त्याच्या उलट, डावीकडचं रक्त जोराने उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत घुसत होतं.

साधारण शंभरातल्या एका बाळाला जन्मतः हृदयदोष असतो. बहुतेकदा नेमकं कारण सापडत नाही. ग्रहणाचा तर संबंधच नाही. लहान छिद्रं कधी आपोआप बुजतात, मोठी बुजवावी लागतात. ओठ, जीभ निळसर दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये.

6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच पश्चिम रेल्वेवरच्या पालघरमध्ये. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते, दोष सापडला तर पुढच्या उपचारांची सोय होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही अशा शस्त्रक्रिया बसतात. आमच्या इमारतीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाचा आता तिसरीत आहे. ऑपरेशनचा व्रण दाखवत क्रिकेट खेळतो. दात जपायचे, वर्षाला तपासणी चुकवायची नाही, एवढंच पथ्य. आपा मात्र अजून विचारते, ‘माझं काय चुकलं?’ मी सांगतो, तुझं काहीच नाही. चुकलं आमचं. चार महिने आम्ही बाळाची छाती तपासायची सोडून तुझी झडती घेत बसलो.