बुचात घडवलेले रोम

अठराव्या शतकात इंग्लंड, जर्मनी आणि उत्तर युरोपातील श्रीमंत घराण्यांमधील तरुणांनी शिक्षणाची सांगता म्हणून इटलीचा दीर्घ प्रवास करावा, अशी रूढी होती. ‘ग्रँड टूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रवासात संस्कारांइतकेच महत्त्व खरेदीला होते, आणि ती खरेदी प्रामुख्याने रोममधील पियात्झा दी स्पान्या या चौकाच्या आसपास होत असे. कारण परदेशी पाहुण्यांची उतरण्याची ठिकाणे तेथे असल्यामुळे कलावंतांनी आणि व्यापाऱ्यांनीही आपले बस्तान त्याच परिसरात बसवले होते. पोम्पेओ बातोनी याच्याकडून स्वतःचे व्यक्तिचित्र काढून घ्यावे, पिरानेसी याने कोरलेली रोमच्या अवशेषांची मुद्राचित्रे विकत घ्यावीत, जाकोमो राफाएल्ली याने १७७५ मध्ये प्रथम प्रदर्शित केलेली, काचेच्या अतिसूक्ष्म तुकड्यांची जडावकामाची चित्रे पाहावीत, असा तो क्रम असे. या मालात सर्वांत विलक्षण वस्तू मात्र एका झाडाच्या सालीपासून तयार होत होती, व ती म्हणजे कोलोसियम, पँथिऑन आणि तिवोलीचे देऊळ यांच्या बुचातून घडवलेल्या प्रतिकृती.

बूच ही पश्चिम भूमध्य प्रदेशातील एका सदाहरित ओक वृक्षाची बाहेरची साल होय. (महाराष्ट्रातील रस्त्यांच्या कडेला पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड हे वेगळ्या कुळातील असून, त्याची साल केवळ हलक्या प्रतीचा पर्याय म्हणून वापरली जात असे.) या ओकची साल काढताना झाड तोडावे लागत नाही; झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल निघते, आणि त्यानंतर ती पुन्हा पुरेशी जाड होण्यासाठी किमान नऊ वर्षे थांबावे लागते. सालीच्या आत हवा भरलेल्या असंख्य सूक्ष्म कप्प्यांची रचना असते. रॉबर्ट हुक याने सूक्ष्मदर्शकातून ती पाहिली आणि १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या कप्प्यांना ‘सेल’ हे नाव दिले. वजनाने हलके, सहजासहजी न कुजणारे आणि चाकूने कापता येणारे असे हे द्रव्य कारागिराला सोयीचे होतेच. पण त्याचा तपकिरी, खळगे पडलेला पृष्ठभाग ऊनपावसाने झिजलेल्या ट्रॅव्हर्टिनसारखा, म्हणजे रोमन इमारतींत वापरलेल्या सच्छिद्र चुनखडकासारखा दिसतो, हे या कलेचे खरे मर्म होते. संगमरवरात घडवलेले भग्न देऊळ नवेकोरे वाटते. बुचातले देऊळ मात्र तयार होतानाच जुने असते.

हे कसब एकाएकी उपजले नाही. नेपल्समध्ये नाताळात येशूजन्माचा देखावा, म्हणजे गोव्यात आणि वसईत घरोघरी मांडला जातो तसा गोठा, उभारण्याची प्रथा अठराव्या शतकात राजदरबारापर्यंत पोहोचली होती. दिवाळीतल्या किल्ल्याप्रमाणे त्यातही डोंगर, पायवाटा, बाजार आणि माणसे यांचा सगळा पसारा असे, आणि त्यातील कडे-कपारी बुचाच्या सालीच्या तुकड्यांनी रचल्या जात. नेपल्समधील सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही अरुंद गल्ली आजही या देखाव्याचे साहित्य बनवणाऱ्यांची म्हणून ओळखली जाते, आणि नाताळापूर्वीच्या आठवड्यांत तेथे खरेदीसाठी बाहेरगावाहून एका दिवसापुरते येणाऱ्यांची एवढी दाटी होते की चालणेही कठीण व्हावे. देवाच्या गोठ्यासाठी डोंगर रचणाऱ्या हातांना पडक्या देवळाचे खांब घडवणे अवघड नव्हते.

रोममध्ये अगुस्तो रोसा आणि जोव्हान्नी अल्तिएरी यांनी हा व्यवसाय रूढ केला, तर अंतोनियो चिची (१७४३–१८१६) याने त्याला जवळजवळ शास्त्रशुद्ध शिस्त लावली. प्राचीन रोमच्या निवडक छत्तीस वास्तूंचा संच त्याच्याकडे मिळत असे. जर्मनीतील हेसन-कासेल या संस्थानाचा अधिपती फ्रीडरिख दुसरा याने १७७७ नंतरच्या काही वर्षांत असा पूर्ण संच मिळवला. त्यातील तेहतीस प्रतिकृती कासेल येथे अजून पाहायला मिळतात. दार्मश्टाट आणि गोथा येथील संस्थानिकांनीही असे संग्रह केले, आणि रशियाच्या कॅथरीन द्वितीय हिच्यासाठीही एक संच सेंट पीटर्सबर्गला गेला. या वस्तूंना केवळ आठवणीची खेळणी समजणे चूक ठरेल. ज्या विद्यार्थ्याला रोमला जाणे परवडणारे नव्हते, त्याला वास्तूच्या चारही बाजूंनी फिरून तिची मापे समजून घेण्याची सोय कागदावरचे चित्र देऊ शकत नव्हते.

जर्मनीत हे काम उचलले ते कार्ल माय या दरबारी मिठाईवाल्याने, आणि त्यात नवल नव्हते, कारण मेजवानीच्या टेबलावर साखरेच्या इमारती उभारणे हा त्या काळी मिठाईवाल्याच्या कामाचाच भाग होता. १८०४ मध्ये कार्ल आउगुस्ट ब्यॉटिगर या विद्वानाने या कलेला ‘फेलोप्लास्टिक’ असे भारदस्त ग्रीक नाव बहाल केले. लंडनमध्ये वास्तुरचनाकार जॉन सोन याने आपल्या घरात प्रतिकृतींचे स्वतंत्र दालन केले व नेपल्सच्या दोमेनिको पादिल्योने याने पाँपेई या प्राचीन शहराच्या उत्खननाची घडवलेली मोठी बुचाची प्रतिकृती १८२६ मध्ये विकत घेतली.

यानंतर या कलेला उतरती कळा लागली. मूळ इमारत अखंड असताना कशी होती हे दाखवणाऱ्या पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती अभ्यासकांना अधिक उपयुक्त वाटू लागल्या, आणि छायाचित्रणाने उरलेसुरले गिऱ्हाईकही नेले. बुचाचा उपयोग मुख्यतः बाटल्यांसाठी उरला. अखंड सालीतून बाटलीची बुचे कापून काढल्यावर उरणाऱ्या मोठ्या भागाची भुकटी होते, व या भुकटीत जवसाचे तेल मिसळून फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या दशकात लिनोलियम हे जमिनीवर पसरण्याचे आच्छादन बाजारात आणले. वापरलेले बूच दुसऱ्या बाटलीला लावत नाहीत. त्याचेही दळून तक्ते करतात, किंवा ते घरगुती हस्तकलेत जाते. वाइनची बुचे जमवून फलक आणि चौकटी तयार करणाऱ्या आजच्या हौशी कारागिरांना आपल्या छंदाचे पूर्वज राजेरजवाड्यांचे पुरवठादार होते, याची कल्पना क्वचितच असते.

मात्र या प्रतिकृतींचे मोल काळाने उलट वाढवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कोलोसियमला विटांचे आधार देण्यात आले आणि टायटसची कमान उतरवून पुन्हा रचण्यात आली. चिचीचा संच त्या दुरुस्त्यांच्या आधीचा आहे. त्याहून महत्त्वाचा दाखला नेपल्सचा. पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फियोरेल्ली याच्या देखरेखीखाली १८६१ पासून पाँपेईची १:१०० प्रमाणातील प्रतिकृती लाकूड, बूच, कागद आणि प्लास्टर यांतून तयार होऊ लागली, व तीत प्रत्येक घराच्या भिंतीवरील चित्रे आणि जमिनीवरील नक्षी रंगांसह उतरवण्यात आली. पुढे ऊन, पाऊस आणि दुर्लक्ष यांमुळे त्यांतील अनेक चित्रे मूळ जागी नष्ट झाली, आणि त्यांच्यासाठी संशोधकांना आज ही प्रतिकृतीच पाहावी लागते. सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या गल्लीत खरेदीसाठी जाणाऱ्या मराठी प्रवाशाने ही प्रतिकृती जेथे ठेवली आहे त्या, तेथून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी एखादा तास अवश्य राखून ठेवावा.