परदेशात असताना टुरिस्ट व्हिसाचा मुक्काम कसा वाढवायचा? घरच्या अनुभवासह संपूर्ण माहिती

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांतून आता कुणाची मुलगी अमेरिकेत, कुणाचा भाऊ दुबईत असतो. बाळंतपणासाठी, नातवंडं बघायला आई-बाबा टुरिस्ट व्हिसावर तिकडे जातात. पण तिथे गेल्यावर अचानक मुक्काम वाढवायची वेळ आली तर? आमच्या घरी नेमकं हेच झालं. म्हणून हा लेख.

आमच्या घरी काय झालं?

ताईच्या बाळंतपणासाठी आई पोळ्यानंतर शिकागोजवळ गेली. कापसाचा हंगाम असल्यामुळे बाबा इकडेच थांबले. आई १० सप्टेंबरला उतरली, मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं परतीचं तिकीट होतं. आणि १३ फेब्रुवारीला ती दारासमोरच्या बर्फावरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर झालं. डॉक्टरांनी सांगितलं, किमान सहा आठवडे लांबचा विमानप्रवास नाही.

मी व्हिसाचं विचारलं तर आई म्हणाली, "दहा वर्षाचा व्हिसा हाये ना, मंग काहून घाबरतं?" ओळखीच्या एका एजंटानेही तेच सांगितलं. मलाही आधी ते पटलं होतं. पण ते साफ चुकीचं होतं.

व्हिसाची तारीख आणि मुक्कामाची तारीख: फरक काय?

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं हे दारावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. अमेरिकेच्या बाबतीत ही मुक्कामाची तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळचा मुक्काम तेवढाच.

आईची आय-९४ ची तारीख होती ९ मार्च. म्हणजे आमच्या हातात फक्त २४ दिवस होते.

तारीख ओलांडली तर काय होतं तेही बघा:

- एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो.
- १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडल्यास ३ वर्षं अमेरिकेत प्रवेशबंदी.
- एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिल्यास १० वर्षं बंदी.

विचार करा, ताईच्या मुलाचा पुढचा वाढदिवस सोडा, त्याची शाळा सुरू झाली तरी आईला जाता आलं नसतं.

आय-९४ मोबाईलवर कशी बघायची?

विमानाने येणाऱ्यांसाठी कागदी आय-९४ कार्ड २०१३ मध्येच बंद झालं. आता ही नोंद अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या आय-९४ वेबसाइटवर फुकट दिसते. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आणि देश एवढंच टाकायचं.

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, पत्त्याच्या शेवटी 'डॉट जी-ओ-व्ही' आहे ना ते बघा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या काही खासगी साइट याच फुकट कामाचे पैसे घेतात. दुसरं, नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे बायकांच्या 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. आम्ही फक्त आईचं नाव टाकलं तर नोंद सापडली नाही. दोन्ही टाकल्यावर लगेच आली.

मुक्काम वाढवायचा अर्ज: स्टेप बाय स्टेप

यासाठी 'आय-५३९' हा फॉर्म असतो. तो अमेरिकेचं नागरिकत्व व इमिग्रेशन खातं, म्हणजे यूएससीआयएस घेतं. तारीख संपायच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा असं ते खातं सुचवतं. आमचे ४५ दिवस तर केव्हाच गेले होते. पण ती सूचना आहे. खरी अट ही, की अर्ज मुक्काम संपायच्या आधी पोचला पाहिजे आणि माणूस तेव्हा अमेरिकेतच असला पाहिजे.

हिवाळ्यात शिकागो आणि आपल्यात साडेअकरा तासांचा फरक. सकाळी साडेसातला मी इकडे व्हिडिओ कॉलवर, तिकडे रात्री आठला आई आणि ताई लॅपटॉपसमोर. पाच दिवस आमची हीच ड्युटी होती.

स्टेप १: खातं उघडा. यूएससीआयएसच्या साइटवर खातं अर्जदाराच्याच नावाने हवं. ओटीपी येईल तो ईमेल किंवा फोन नंबर तिकडच्या माणसाच्या हाताशी असू द्या. फॉर्म दुसऱ्या कुणी भरून दिला किंवा भाषांतर करून सांगितलं, तर त्या व्यक्तीची माहिती भरायचा वेगळा भाग असतो. तो लपवू नका.

स्टेप २: तारखा नीट टाका. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. आपल्या सवयीने ९ मार्च हे ०९/०३ असं लिहिलं तर ते ३ सप्टेंबर होतं! आमच्याकडून ही चूक झाली होती. पाठवायच्या आधी परत वाचलं म्हणून सापडली.

स्टेप ३: किती दिवस हवेत ते लिहा. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने मागता येतात. आम्ही ३१ मेपर्यंत मागितले. कारणाला शोभेल एवढंच मागा आणि कारण खरं तेच लिहा.

स्टेप ४: कागदपत्रं जोडा. आम्ही हे दिलं होतं:

- पासपोर्टचं पहिलं पान आणि आय-९४ ची प्रत
- डॉक्टरांचं पत्र: काय झालं, किती आठवडे प्रवास नको
- थांबण्याचं कारण सांगणारं आईचं एक पानी पत्र
- खर्च ताई करणार याचा पुरावा: पगाराची स्लिप, बँक स्टेटमेंट
- परतीच्या तिकिटाची बदललेली तारीख
- आई परत येणारच याचा पुरावा: तिच्या नावावरच्या शेतीचा सातबारा, घरपट्टीची पावती

डिजिटल सहीचा सातबारा मी महाभूमीच्या साइटवरून मोबाईलवरच १५ रुपयांत काढला. पण तो मराठीत. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं भाषांतर करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र. हे मीच केलं, त्यासाठी एजंट लागत नाही.

स्टेप ५: फाईल अपलोड करा. पीडीएफ किंवा जेपीजी चालते, एक फाईल १२ एमबीपर्यंत. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत हवं, मराठी नाव चालत नाही. आणि पासवर्ड असलेली पीडीएफ घेत नाहीत. आपल्या बँकांची स्टेटमेंट पासवर्ड लावूनच येतात. फाईल उघडून प्रिंटमध्ये जा, 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा, बिनपासवर्डची प्रत तयार होते.

स्टेप ६: फी भरा. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार ऑनलाइन अर्जाला ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७० डॉलर. बोटांच्या ठशांची वेगळी फी आता नाही. भरायच्या दिवशी साइटवर दर एकदा तपासा.

१८ फेब्रुवारीला, १९ दिवस शिल्लक असताना आमचा अर्ज गेला. खात्यात पावती आली, त्यावर तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा नंबर होता. याच नंबरवरून अर्जाची स्थिती बघता येते.

निकाल यायच्या आत तारीख संपली तर?

आमची संपलीच. ९ मार्च आला आणि गेला. बाबांना रात्री झोप नव्हती. पण नियम असा आहे: अर्ज वेळेत केला असेल, तो खरा असेल आणि अर्जदाराने तिथे काम केलं नसेल, तर निकाल येईपर्यंतचे दिवस त्या ३ किंवा १० वर्षांच्या बंदीसाठी बेकायदा मुक्काम म्हणून मोजत नाहीत. अर्ज नाकारला तर मात्र लगेच निघायचं. आणि मागितलेली तारीख निकालाशिवाय आली तरी निघायचं.

एक महत्त्वाचं: प्रवासी आरोग्य विमाही संपायच्या आत वाढवून घ्या. मुक्काम वाढला म्हणून तो आपोआप वाढत नाही.

बाकी देशांत काय?

- थायलंड: इमिग्रेशन ऑफिसात टीएम-७ फॉर्म, फी १,९०० बाथ. जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाथ दंड, कमाल २०,००० बाथ.
- दुबई (यूएई): जास्त राहिल्यास दिवसाला ५० दिरहम दंड.
- युरोपातले शेंगेन देश: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. आजारपण वा हाताबाहेरची अडचण असेल तरच वाढवतात.
- ब्रिटन: पर्यटकाला साधारण सहा महिनेच, त्यापुढे वाढ अपवादानेच.
- भारत: परदेशी पासपोर्टवाला नातेवाईक आपल्याकडे आला असेल तर अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर होतो. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. ३० दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा मात्र वाढत नाही.

शेवटी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आई नागपूर विमानतळावर उतरली, काठी टेकत. निकाल तेव्हाही आला नव्हता. अर्जाची पावती, डॉक्टरांचं पत्र आणि बोर्डिंग पास अशी एक फाईल आम्ही जपून ठेवली आहे. पुढच्या वेळी अधिकाऱ्याने विचारलं की तू वेळेत अर्ज केला होतास का, वेळेत निघालीस का, तर उत्तर त्या फाईलमध्ये आहे.

तुमच्या घरचं कुणी परदेशी जाणार असेल तर एकच काम करा. ते उतरतील त्याच दिवशी मुक्कामाची तारीख शोधा, स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाका आणि ४५ दिवस आधीचा रिमाइंडर लावा. आम्ही तो लावला नव्हता, आणि ते पाच दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत.