दमट हवेचा एसी: सुरतेच्या थंडाव्याची कुळकथा

घरातली हवा थंड करणाऱ्या यंत्रांची दोन कुळे आहेत. एक हवेत पाणी घालते, दुसरे हवेतले पाणी काढून घेते. सुरतेत कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न आधी कुळाचा आहे. टन, तारे आणि कंपनी हे सगळे नंतरचे.

पहिले कूळ जुने. वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडून उन्हाळ्यात खोली गार ठेवण्याची रीत ‘आइन-ए-अकबरी’त नोंदलेली आहे. १५७३ मध्ये सुरत जिंकून घेणाऱ्या अकबराच्याच दरबारातला हा ग्रंथ. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते, एवढेच यामागचे शास्त्र. गवताच्या ताट्या, छोटा पंप आणि पंखा असलेला पत्र्याचा कूलर हा त्याच ताटीचा वारस. जळगाव-भुसावळकडे तो खरोखर कामाचा ठरतो. बाहेर ४२ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असली, तर चांगला कूलर साधारण २८ अंशांची हवा देतो. तापीच्या त्याच खोऱ्यातून, उधना-जळगाव रेल्वेमार्गाने, खानदेशातली हजारो कुटुंबे सुरतेतल्या उधना आणि लिंबायतच्या वस्त्यांत येऊन स्थिरावली. पण नदी समुद्राजवळ पोहोचते तिथे हिशेब उलटतो. ३५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर तोच कूलर हवा फार तर ३० अंशांपर्यंत आणतो आणि वर तिला ओलीचिंब करतो. घाम वाळत नाही, अंगाची चिकचिक वाढते. गावाकडून सामानाबरोबर आणलेला कूलर जूननंतर पाणी न भरता नुसता पंखा म्हणून चालवणे, हाच त्याचा बरा उपयोग.

दुसऱ्या कुळाचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालेला नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आकसे आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातली वाफ पाण्याच्या रूपाने काढून घेण्याची योजना आखली. गारवा मिळाला तो ओघाने. ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव १९०६ मध्ये दिले कापडगिरण्यांचे अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांनी, आणि त्यांना हवे होते नेमके उलटे: कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून गिरणीत ओलावा. मागांच्या सुरतेला हे समजावून सांगावे लागत नाही.

घरात शिरायला या यंत्राला बराच काळ लागला. सुरुवातीची यंत्रे अवाढव्य होती आणि अमोनियासारख्या विषारी वायूंवर चालणारी बरीच. १९२८ च्या सुमारास फ्रिऑन वायू तयार झाला आणि लहान, घरगुती डबा शक्य झाला. (त्याच कुळातल्या वायूंनी पुढे ओझोनचा थर विरळ केला आणि १९८७ चा मॉन्ट्रियल करार करावा लागला, हे वेगळे प्रकरण.) खिडकीच्या कठड्यावर बसणारे यंत्र १९३० च्या दशकात अमेरिकेत आले. भारतात ब्लू स्टार १९४३ पासूनची, तर टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून काढलेली व्होल्टास १९५४ ची. ‘टन’ हे माप बर्फाच्या धंद्यातून आले: एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषेल, तितकी शोषणारे यंत्र एक टनाचे.

विंडो एसी स्वस्त, बसवायला सोपा आणि घर बदलताना उचलून नेता येणारा. म्हणून भाडेकरूला तो अजूनही परवडतो. मात्र कॉम्प्रेसर खिडकीतच घरघरतो, आणि नव्या फ्लॅटमधल्या सरकत्या काचांत हा डबा बसता बसत नाही. तोशिबाने १९६१ मध्ये जपानात यंत्राचे दोन भाग केले, आवाज करणारा भाग बाहेर काढला आणि स्प्लिट एसीची वाट खुली झाली. दोन्ही भाग तांब्याच्या नळीने जोडलेले असतात. सोबत पाणी वाहून नेणारी साधी प्लॅस्टिकची नळी. सुरतेच्या जुलैत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर, कधी जास्तही पाणी काढतो. त्या नळीला उतार नीट दिला नाही, तर पाणी परत फिरून भिंतीवरून पलंगावर उतरते. तक्रार एसीची होते, चूक बसवणाऱ्याची असते.

१९८१ मध्ये तोशिबानेच घरगुती इन्व्हर्टर एसी आणला. त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहत नाही, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. भारतात एसीवर ताऱ्यांचे लेबल २०१० पासून सक्तीचे झाले, तर २०२० पासून नवा एसी सुरू होताना २४ अंशांवर असावा असा नियम आला. दमट गावात खरी चूक होते ती टनाची. लहान खोलीला मोठा एसी लावला तर तो चटकन गारवा आणून मंदावतो, पाणी काढायचे राहून जाते, आणि खोली थंड पण ओलसर राहते. मोजून घेतलेला एक टन तिथे ऐटीच्या दोन टनांपेक्षा बरा. पावसाळ्यात रिमोटवरचे ‘ड्राय’ बटण हवेतले पाणी काढण्यासाठीच असते.

चाकांवरचा, एकाच नळीचा पोर्टेबल एसी सुरतेत घेऊ नये. तो खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी फटींतून बाहेरचीच दमट हवा आत येते. डुमस-हजीराच्या बाजूला खारे वारे कॉइल खातात, म्हणून तिथे गंजरोधक लेप असलेला एसी घ्यावा. मागांच्या वस्तीत धाग्यांचे तंतू जाळीत अडकतात; ती वारंवार धुवावी लागते.

खजोदच्या सुरत डायमंड बोर्समध्ये, २०२३ साली उद्घाटन झालेल्या त्या प्रचंड इमारतीत, आणखी एक पद्धत वापरली आहे: नळ्यांतून गार पाणी फिरवून पृष्ठभागच थंड ठेवायचा. घरांत ती उतरायला अडचण ओलाव्याचीच आहे. फरशी दवबिंदूपेक्षा गार झाली की तिला घाम फुटतो, म्हणून हवेतले पाणी काढणारे यंत्र वेगळे बसवावे लागते.